‘त्याने असं केलंच असतं’ हा पुरावा होतो का? एका लढाऊ विमानाच्या चौकशी अहवालाचं वाचन

पेट किंवा नेटची तयारी करताना तुम्ही संशोधन पद्धतीचं पुस्तक वाचलंच असेल. हायपोथेसिस म्हणजे काय, नल हायपोथेसिस म्हणजे काय, टाइप वन एरर कोणती, हे एव्हाना तोंडपाठ असेल. पण पुरावा कुठे संपतो आणि आपलं मत कुठे सुरू होतं हे त्या पुस्तकातून कळत नाही. ते कळायला दुसऱ्या कुणाचा तरी निष्कर्ष हातात घेऊन उसवून बघावा लागतो. त्यासाठी मी आज एक अहवाल निवडलाय. तो विज्ञानाचा पेपर नाही, अमेरिकी हवाई दलाच्या अपघाताची चौकशी आहे. पण त्याची बांधणी बघा: आधी तथ्यं, मग विश्लेषण, मग निष्कर्ष. आपल्या थिसिसचीच चुलत बहीण.

परदेशातलाच का? कारण आपल्या हवाई दलाच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे पूर्ण अहवाल साधारणपणे लोकांसमोर येत नाहीत. जे वाचायलाच मिळत नाही त्याची चिकित्सा कशी करणार? अमेरिकेत दोन चौकश्या होतात. एक सुरक्षेसाठी, ती गोपनीय. दुसरी जाहीर, तिला ॲक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन बोर्ड म्हणतात. दुसरीचा अहवाल कुणीही वाचू शकतो.

इंजिनाचा इशारा आला आणि विमान सुखरूप उतरलं, तर चौकशी त्या मानाने सोपी असते. २० फेब्रुवारी २०१८ ला जपानमधल्या मिसावा तळावरून उडालेल्या एफ-१६ च्या इंजिनाला उड्डाणानंतर लगेच आग लागली. पायलटने इंधनाच्या बाहेरच्या टाक्या जवळच्या ओगावारा सरोवरात टाकल्या आणि विमान परत तळावर उतरवलं. पायलट जिवंत, इंजिन हातात. ते उघडलं, तेव्हा त्याच्या जोडणीत एक कालबाह्य भाग बसवला गेल्याचं निघालं. म्हणजे माणूस सांगतो काय झालं आणि वस्तू दाखवते का झालं. (मिळालेल्या टाक्यांचं काय झालं, आणि त्या सरोवरात शिंपल्या काढणाऱ्यांचं काय झालं, ही गोष्ट वेगळी.)

विमान परतच आलं नाही, तर? आजचा अहवाल अशाच एका विमानाचा आहे.

१६ नोव्हेंबर २०१० ची संध्याकाळ. अलास्कातल्या एल्मेनडॉर्फ-रिचर्डसन तळावरून एफ-२२ विमानं रात्रीच्या सरावाला गेली होती. त्यातलं एक कॅप्टन जेफ्री हेनी चालवत होते, वय ३१. सराव संपून परतायची वेळ झाली होती, विमान ५०,००० फुटांच्या आसपास होतं. तेवढ्यात कॉकपिटमध्ये इशारा उमटला: इंजिनाकडून येणाऱ्या गरम हवेच्या नळीत गळती. त्यानंतर एक मिनिट आणि काही सेकंदांत विमान आवाजापेक्षा जास्त वेगाने, नाक खाली करून डोंगराळ जमिनीवर आदळलं.

इशारा नेमका कशाचा होता हे समजून घ्यायला हवं, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जेट इंजिनात आत आलेली हवा कॉम्प्रेसर दाबतो. ती दाबलेली, तापलेली थोडी हवा इंजिनातून बाहेर काढून इतर कामांना वापरतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. एफ-२२ मध्ये केबिनचा दाब आणि यंत्रणेचं थंडावणं हिच्यावर चालतं, आणि पायलटचा ऑक्सिजनसुद्धा. विमानात ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर नसतं. ब्लीड एअर गाळून, तिच्यातला नायट्रोजन शोषून घेऊन, उरलेली ऑक्सिजनने भरलेली हवा मास्ककडे पाठवायची, अशी यंत्रणा असते. (रसायनशास्त्रवाल्यांनो, तुमचं झिओलाइट इथे कामाला येतं.) आता या नळीतून गळती झाली, तर ती गरम हवा आजूबाजूचं जाळू शकते. म्हणून संगणक गळती दिसली की ब्लीड एअर बंद करतो. आगीच्या दृष्टीने शहाणपणाचंच. पण त्याच तोटीवर पायलटचा श्वास आहे. इंजिन वाचवणारा निर्णय पायलटचं नाक बंद करतो.

त्यासाठी आणीबाणीचा छोटा ऑक्सिजन साठा सीटमध्ये होता. तो तेव्हा आपोआप सुरू होत नसे. सीटच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला एक हिरवी कडी होती, ती ओढावी लागे. आता रात्र, डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल, अंगावर अलास्काच्या थंडीचे जाडजूड कपडे, मास्कमधून हवा येत नाही, आणि हात मागे नेऊन न दिसणारी कडी शोधायची. खुर्चीवर बसा, जाड जॅकेट घाला आणि डाव्या नितंबामागे ठेवलेली किल्ली न बघता उचलून दाखवा. मग पुढे वाचा.

अहवाल डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला. बोर्डाच्या अध्यक्षांचा निष्कर्ष असा: अपघाताचं कारण म्हणजे विमान खाली जातंय हे पायलटने वेळेत ओळखलं नाही आणि वेळेत वर ओढलं नाही. का ओळखलं नाही? तीन कारणं दिली: लक्ष एकाच गोष्टीवर खिळलं, उपकरणांवरून फिरती नजर ठेवणं मोडलं, आणि दिशेचं भान नकळत सुटलं. कडी हाताळायला अवघड असणं, कपड्यांची अडचण, प्रशिक्षणातली उणीव हेही अहवालात आहे, पण ‘हातभार लावणारे घटक’ या रकान्यात.

इथे थांबा. हे वाक्य व्याकरणाच्या नजरेने परत वाचा. कर्ता कोण? पायलट. क्रियापद? ‘ओळखलं नाही.’ गळती झालेली नळी, बंद झालेला ऑक्सिजन, मागे लपलेली कडी, यातलं काहीही त्या वाक्याचा कर्ता नाही. ती सगळी विशेषणांसारखी बाजूला उभी आहेत. आता तीच तथ्यं घेऊन उलटं वाक्य लिहून बघा: ‘गळतीनंतर यंत्रणेने पायलटचा श्वास बंद केला आणि पर्यायी साठा वेळेत हाती लागेल अशा जागी नव्हता, या धडपडीत विमानावरचा ताबा सुटला.’ तथ्य एकही बदललं नाही, पण कारण बदललं. हवाई दलाच्या प्रमुखांनी पुढे अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की आम्ही पायलटला दोष दिलेला नाही. त्यांच्या मनात नसेलही. पण अहवालातल्या वाक्याने तो दिला होता, आणि घरच्यांनी वाक्यच वाचलं.

असो, व्याकरण हा माझा विषय नाही. माझी खरी तक्रार तर्काबद्दल आहे. ती नीट मांडतो, कारण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हीच गडबड होण्याची शक्यता जास्त आहे.

त्या वेळी अशा बोर्डाला स्वतःचा निष्कर्ष ‘स्पष्ट आणि खात्री पटवणाऱ्या’ पुराव्याने सिद्ध करावा लागे. हा कायद्यातला निकष आहे आणि तो चांगलाच उंच आहे. ‘बहुधा असं झालं असावं’ एवढ्यावर भागत नाही. मग बोर्डाकडे होतं काय? विमानाच्या संगणकात नोंदलेला उड्डाणाचा डेटा, तोही बऱ्यापैकी तपशीलवार. स्टिक कधी हलली, थ्रॉटल कधी मागे घेतला, विमान कसं कलंडलं, हे त्यावरून कळतं. अवशेष होते. सोबतच्या विमानांशी झालेलं रेडिओ बोलणं होतं. नव्हतं ते पायलटच्या शरीराबद्दलचं काहीही. रक्तात ऑक्सिजन किती, मास्क तोंडावर होता की खाली ओढला होता, डोळे उघडे होते की नाही, यातलं काहीही कुठलंच उपकरण नोंदत नव्हतं.

आणि निष्कर्ष कशाबद्दल? पायलटचं ‘लक्ष’ आणि ‘भान’. म्हणजे ज्या गोष्टीचं एकही मापन नाही तिच्याबद्दल इतक्या उंच निकषाचं विधान. यंत्राची प्रत्येक हालचाल मोजलेली आहे, माणसाची एकही नाही, आणि ठपका माणसावर.

ही दरी अहवालाने भरली कशी? ‘त्याने असं केलं असतं’ या प्रकारच्या वाक्यांनी. हायपॉक्सियाचा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून भान हरपण्याचा, पर्याय बाजूला सारताना केलेला युक्तिवाद थोडक्यात असा आहे: हवा बंद झाल्यावर मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं. ते इतकं तीव्र असतं की पायलटला कळल्याशिवाय राहणार नाही. कळलं तर तो कडी ओढेल किंवा मास्क काढेल. ऐकायला पटतं. पण हे सगळं ‘मास्क पूर्णवेळ तोंडावर घट्ट होता’ या एका गृहीतकावर उभं आहे. मास्क खाली ओढला असेल तर गुदमरणं थांबतं, पण मग तो केबिनमधली विरळ होत जाणारी हवा घेतोय, आणि हायपॉक्सियाचं वैशिष्ट्यच हे की तो ज्याला होतो त्याला कळत नाही. दोन शक्यता, दोन वेगळे शेवट. कुठली खरी, हे मास्कच्या जागेवर अवलंबून, आणि ती जागा कुणी मोजलेली नाही.

बोर्डाची बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी पण तेच करतोय असं होईल. केबिनचा दाब एका झटक्यात जात नाही, हळूहळू उतरतो, आणि विमानही त्या वेळी खाली येत होतं, म्हणजे बाहेरची हवा दर सेकंदाला दाट होत होती. शिवाय बोर्डाच्या बाजूचा माझ्या मते सगळ्यात दणकट पुरावा म्हणजे शेवटचे साधारण तीन सेकंद: जमिनीवर आदळण्याआधी स्टिक जोरात मागे ओढली गेली, ७ जीहून जास्त. म्हणजे शरीराला स्वतःच्या वजनाच्या सातपटीहून जास्त भार जाणवेल इतकी. बेशुद्ध माणूस असं करत नाही. म्हणजे तो शुद्धीत होता, फक्त उशिरा कळलं. हे स्पष्टीकरण डेटाशी जुळतं, यात वाद नाही.

पण जुळतं म्हणजे सिद्ध झालं का? त्याआधी बराच वेळ विमान उलटं होत, नाक खाली टाकत जात असताना सावरण्याचा काहीच प्रयत्न नोंदलेला नाही. ही मधली शांतता दोन गोष्टी सांगू शकते. एक, पायलट पूर्ण शुद्धीत होता पण मान वळवून कडी शोधत होता. दोन, भान काही काळ मंदावलं किंवा गेलं आणि हवा दाट झाल्यावर परत आलं. शेवटची ओढ दोन्ही कथांत बसते. दोन हायपोथेसिस एकाच निरीक्षणाचं भाकीत करत असतील, तर ते निरीक्षण त्यांच्यात निवड करू शकत नाही. हे वाक्य पाठ करू नका, वापरा. तुमच्या ग्राफमधला जो पीक तुम्ही अभिमानाने दाखवता, तो तुमच्या प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणातही येतो का, हे पहिल्यांदा तपासायचं. माझ्या लॅबमधल्या मीटिंगमध्ये नव्वद टक्के भांडणं याच मुद्द्यावर होतात. (हा आकडा माझा, पीअर रिव्ह्यू झालेला नाही.)

हे मी एकट्याने शोधलेलं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने या अहवालाचीच तपासणी करून स्वतःचा अहवाल काढला. एखाद्या पेपरवर कडक रेफरीने लिहावं तसा तो आहे, आणि मला विचाराल तर पहिल्या अहवालापेक्षा हाच आधी वाचावा. त्यात पाच आक्षेप आहेत. मास्कच्या जागेचं विधान ना तथ्यांनी आधारलेलं आहे ना विश्लेषणाने, हा एक. हायपॉक्सिया, गुरुत्वभाराने येणारी बेशुद्धी आणि अचानक येणारी असमर्थता हे पर्याय ज्या पद्धतीने बाजूला सारले तिला पुरेसा आधार नाही, हा दुसरा. आणीबाणीचा ऑक्सिजन सुरू झाला होता की नाही आणि ऑक्सिजन नसताना शरीर कसं वागतं, याचं तपशीलवार विश्लेषण नाही, हा तिसरा.

चौथा आक्षेप मला सगळ्यात आवडला. बोर्डाने दिलेली तीन कारणं एकमेकांशी जुळतच नाहीत. लक्ष एका गोष्टीवर खिळणं, नजर फिरती न राहणं आणि नकळत दिशाभान सुटणं या वेगळ्या अवस्था आहेत, काही अंशी परस्परविरोधी. त्या एकाच वेळी, एकाच माणसात, एकमेकींशी कोणत्या नात्याने होत्या, हे अहवाल सांगत नाही. थिसिसच्या चर्चेच्या प्रकरणात आपण हेच करतो ना? एका निरीक्षणाला तीन यंत्रणा चिकटवायच्या, मधे ‘आणि’ टाकायचं, आणि तिन्हींमुळे निष्कर्ष तिप्पट भक्कम झाला असं समजायचं. तीन अपुरी कारणं ‘आणि’ने जोडली की एक पुरेसं कारण तयार होत नाही. उलट, ‘आणि’ जितके जास्त तितकं विधान खरं असण्याची शक्यता कमी होते. हे गणिताचं आहे, माझं मत नाही.

पाचवा आक्षेप संदर्भांचा: दिलेले कितीतरी संदर्भ चुकीचे होते किंवा ज्या विधानापुढे लावले होते त्याला आधार देत नव्हते. यावर फार लिहीत नाही. ज्यांनी संदर्भ न वाचता उचललेत त्यांना कळलं असेल.

आता इन्स्पेक्टर जनरलच्या अहवालावरही टीका करतो. तो खोडतो नीट, पण पर्याय उभा करत नाही. मग नेमकं झालं काय? याचं उत्तर त्यात नाही. बरेच विद्यार्थी इथे म्हणतात, ‘सर, खोडणं सोपं असतं.’ मला हे पटत नाही. एखादा निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा आहे हे दाखवायला स्वतःचा निष्कर्ष खिशात असावाच लागतो असं नाही. माझी तक्रार वेगळी आहे: उड्डाणाच्या डेटातली ती मधली शांतता या तपासणीने केंद्रस्थानी आणायला हवी होती, आणि ती यादीतल्या मुद्द्यांमध्ये हरवली. पाच आक्षेप एका ओळीत मांडले की सगळे सारख्या वजनाचे वाटतात, तसे ते नाहीत. मास्कचा आक्षेप एकटाच अख्खी इमारत हलवतो, संदर्भांचा आक्षेप रंग खरवडतो.

हवाई दलाने काय केलं? काही भाग जास्त स्पष्ट लिहिता आला असता एवढं मान्य केलं, आणि निष्कर्ष स्पष्ट व खात्रीच्या पुराव्याने सिद्ध झालाय यावर ते ठाम राहिले. लेखकाने रेफरीला पाठवलेलं उत्तर वाटतं की नाही? ‘सूचनांबद्दल आभार, भाषा सुधारली आहे.’

या भाषेची किंमत होती. याच काळात एफ-२२ चे इतर पायलटही उड्डाणात गरगरणं, गोंधळणं, ऑक्सिजन कमी पडल्यासारखं वाटणं अशा तक्रारी करत होते. मे २०११ मध्ये सगळी एफ-२२ विमानं जमिनीवर ठेवली गेली, सप्टेंबरमध्ये पुन्हा उडू लागली. मे २०१२ मध्ये दोन पायलटनी टीव्हीवर येऊन सांगितलं की हे विमान उडवणं आम्हाला सुरक्षित वाटत नाही. हेनींच्या अपघाताचा आणि या तक्रारींचा उगम एकच होता असं मी म्हणत नाही. त्यांच्या विमानात हवा बंद झाली ती गळतीच्या इशाऱ्यानंतर, ती वेगळी साखळी आहे. दोन्हींत ऑक्सिजन आहे म्हणून दोन्ही एक करायच्या, हा मोह बातमीदारांनी टाळला नाही, तुम्ही टाळा. पण एक गोष्ट दोन्हींत समान आहे: पायलटचा श्वास मोजत कुणीच नव्हतं. पुढे ऑक्सिजनचा पर्यायी साठा आपोआप सुरू होईल अशी यंत्रणा एफ-२२ मध्ये बसवण्यात आली. म्हणजे ‘हातभार लावणारे घटक’ या रकान्यातली गोष्ट दुरुस्त झाली. ‘कारण’ या रकान्यातल्या गोष्टीला दुरुस्ती कशी करणार? तो माणूस तर गेला होता. कुटुंबाने विमान आणि त्याचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा केला, तो तडजोडीने मिटला, म्हणजे न्यायालयातही हा प्रश्न शेवटपर्यंत तपासला गेला नाही.

आता निकषाबद्दल शेवटचं. पुढच्या वर्षांतले याच प्रकारचे अहवाल उघडलेत तर अध्यक्षांच्या मतात ‘स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा’ हे शब्द दिसत नाहीत. त्याऐवजी ‘पुराव्याचं पारडं कुठे झुकतं’ हा निकष दिसतो. मिसावाच्या अहवालाच्या वेळी हाच होता. पहिल्यांदा वाचताना मला राग आला होता, पुरावा वाढवण्याऐवजी पट्टी खाली केली म्हणून. आता तसं वाटत नाही. बहुतेक अपघातांत एवढाच पुरावा मिळतो, तर तेवढंच म्हणावं. ‘आमच्या मते हे जास्त संभाव्य आहे, पण मास्कबद्दल आम्हाला माहीत नाही’ असं वाक्य २०११ च्या अहवालात असतं, तर मी हा लेख लिहिला नसता.

एक काम देतो. तुमच्या विषयातला तुम्हाला सर्वांत पटलेला एक पेपर घ्या. त्याच्या निष्कर्षातल्या प्रत्येक वाक्यातल्या नामाखाली रेघ मारा आणि त्या नामाचं मापन पेपरात कुठल्या तक्त्यात किंवा आकृतीत आहे ते शोधा. ज्याचं मापन सापडत नाही ते नाम वेगळ्या कागदावर लिहा. मास्कसारखं एक तरी निघेल. ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी त्यातलं एक घेऊन बसू.